रेषेबाहेरची मुलगी

माणूस सुधारू शकतो, हा गैरसमज शाळांमधून फार दिवस बोकाळला होता. त्याचा कायमचा बंदोबस्त एका शाळेतल्या गणिताच्या सरांनी आलेखाच्या कागदावर केला.

सरांनी पाच वर्षांचे निकाल उकरून सहामाहीच्या गुणांवरून वार्षिकचे गुण सांगणारी सरळ रेषा काढली. सहामाहीच्या गुणांना शून्य पूर्णांक सात दशांशाने गुणायचं आणि सोळा मिळवायचे. (म्हणजे सहामाहीत भोपळा मिळवणाऱ्यालाही सोळा पक्के. वर्गातल्या बाकांनाही मिळाले असते, पण त्यांची नावं हजेरीपटावर नव्हती.) खाली सरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा केवळ अंदाज आहे.' मुख्याध्यापकांनी आलेख फ्रेम करून घेतला तेव्हा तेवढी ओळ कापली गेली. काच पुरत नव्हती.

मग ठराव झाला. वार्षिक परीक्षा होईल, पेपरही तपासले जातील; मात्र गुण रेषेपासून दहापेक्षा जास्त हलले, तर विद्यार्थ्याने लेखी खुलासा द्यावा; तो पटला नाही, तर रेषेचेच गुण कायम. पहिल्याच वर्षी तेवीस ठिपके रेषा सोडून भटकताना सापडले. त्यातल्या बावीस जणांनी 'पुन्हा असं होणार नाही' असं मुकाट्याने लिहून दिलं. काही जणांच्या माफीनाम्यावर तर पालकांनीही आनंदाने सही केली.

उरली शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. सहामाहीला एकतीस. रेषेने देऊ केलेले सदतीस पूर्णांक सात दशांश (शाळेने मोठ्या मनाने अडतीस केले). आणि पेपरात पडले चौऱ्याऐंशी! विज्ञान शाखेला साठ लागत होते, आणि तिला विज्ञानच हवं होतं.

"वरचे शेहेचाळीस गुण आले कुठून?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"अभ्यास केला, सर."

"अभ्यास सगळेच करतात. पण रेषेला धरून करतात."

"माझा पेपर एकदा बघा ना."

"बघितला. उत्तरं बरोबर आहेत. संशय तिथेच तर येतो."

मुलगी गणिताच्या सरांकडे वळली. "सर, तुम्ही तरी सांगा. मी रोज मधल्या सुट्टीत तुमच्याकडे गणितं विचारायला यायचे की नाही?"

यायची. सहामाही झाल्यापासून एक दिवस चुकली नव्हती. 'रेषा चुकू शकते' हे तीन शब्द सरांच्या ओठांवर आलेही. पण समोर फ्रेम होती, फ्रेमवर त्यांचं नाव होतं, आणि शनिवारी त्याच रेषेबद्दल त्यांचा सत्कार ठरला होता. सरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'अडतीस कायम' या शेऱ्याखाली सही केली.

सत्कारात जाहीर झालं की यंदा रेषा शंभर टक्के अचूक ठरली, एकही ठिपका बाहेर नाही. मुलीने त्याच दिवशी दाखला काढून घेतला.

वाचकांना सरांचा राग आला असेल, तर ते योग्यच आहे. फक्त एकतीसनंतर चौऱ्याऐंशी वाचल्याबरोबर 'कॉपी केली असणार' असं आपल्या मनात आलं होतं, ते आपण कुणाला सांगू नये. सहामाहीला तिला एकतीसच का पडले, हे शाळेने एकदाही विचारलं नाही. विचारायचं आपल्यालाही सुचलं नाही.