सासूबाईंसाठी, तातडीने

मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि डिस्पॅचराव बाहेर सोफ्यावर आडवे झाले होते. मधे फक्त एक पॅसेज, तोही अरुंद. पण रविवारची दुपार, पोट तुडुंब भरलेलं, उठायच्या नावानं बोंब. त्यांनी हात लांबवला आणि टीपॉयवरचा टॅब ओढून घेतला. तेवढं उठले असते तर पुढचं महाभारत टळलं असतं.

डिस्पॅचराव हे कारखान्यात पडलेलं नाव. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत ते डिस्पॅच क्लार्क होते. कुठला माल कुठल्या गाडीतून कुठे जायचा, हे ठरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं सरली होती. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात गाडीभर आरामखुर्च्या पोचवायच्या होत्या आणि तिथला पत्ता नीटसा ठाऊक नव्हता. तेवढाच बघायचा होता.

टॅब होता सासूबाईंचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि गुडघा ठणठणीत झाल्यावरही राहिल्या होत्या. दिवसभर त्या टॅबवर एकट्याच पत्त्यांचा डाव मांडून बसत. आत्ता त्यांचा डोळा लागला होता.

वृद्धाश्रमाचं पान उघडलं आणि त्याच्यावर एक चौकट येऊन बसली. कुकीज स्वीकारता का? स्वीकारल्या. (कुकीज म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, पण नाही म्हणायला जीभ रेटत नाही असा त्यांचा स्वभाव.) दुसरी चौकट: नोटिफिकेशन पाठवू का? ‘नको’चं बटण काही सापडेना, म्हणून ‘पाठवा’ म्हटलं. तेवढ्यात कोपऱ्यातला एक व्हिडिओ आपणहून बोलायला लागला. तो बंद करायची फुली मुंगीएवढी, आणि बोट नेलं की ती बाजूला सरकायची. मग पुढची चौकट: ‘आपण कोणासाठी शोधत आहात?’ आई, वडील, सासू, सासरे. उत्तर दिल्याशिवाय पत्ता दिसेना. अंगठ्याला सासू जवळ पडत होती, ती दाबली. ‘किती लवकर?’ गाडी उद्याच निघणार होती, म्हणून ‘तातडीने’. शेवटी फोन नंबर. स्वतःचा दिला तर हे लोक उठता-बसता फोन करतील, एवढं कळण्याइतके डिस्पॅचराव हुशार होते. त्यांनी घरच्या फोनचा दिला.

पत्ता मिळाला. टॅब जागच्या जागी ठेवून ते निवांत घोरू लागले.

त्या आठवड्यात घरात नवल घडलं. डिस्पॅचराव उठायच्या आत त्यांचे बूट पॉलिश होऊन दारात. शर्टाची तुटलेली बटणं लागलेली. संध्याकाळी खिडकीजवळची जी खुर्ची सासूबाई कधी सोडत नसत, ती रिकामी. चहा हातात, आणि वर विचारणा, “साखर बरोबर आहे ना?”

“तुझ्या आईला उशिरा का होईना, माझी किंमत कळली,” डिस्पॅचराव बायकोला म्हणाले.

“तिचं काहीतरी बिनसलंय,” बायको म्हणाली. “जेवत नाहीये धड.”

ते त्यांनी कानाआड केलं. सुखात असलेल्या माणसाला कमी ऐकू येतं.

शुक्रवारी मात्र त्यांना टॅब कपाटावर पालथा ठेवलेला दिसला. पत्त्यांचा डाव नाही, काही नाही. त्यांनी तो सुलटा केला. जाहिरातीतली हसऱ्या चेहऱ्याची एक म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. खाली लिहिलं होतं, ‘सासूबाईंना सांगायचं कसं? आम्ही सांगतो.’ ती घालवली तर दुसरी आली: ‘तातडीने हवंय? एक खोली शिल्लक.’ हवामानाच्या पानावर तेच, विणकामाच्या पानावर तेच.

 आठवडाभराचं ते पॉलिश, ती बटणं, तो चहा, सगळं एकदम डिस्पॅचरावांच्या डोळ्यांपुढे आलं. आपल्याला घरात राहू द्यावं म्हणून सासूबाई राबत होत्या, आणि आपण पाय पसरून आयता चहा पीत होतो.

ते तसेच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाजी चिरत होत्या.

“आई, ते टॅबवर जे येतंय ना, ते ऑफिसच्या कामाचं होतं.”

“असेल ना,” सासूबाई म्हणाल्या. “ऑफिसलाही सासू असते.”

“तसं नाही. खुर्च्या पाठवायच्या होत्या.”

“त्या वृद्धाश्रमातल्या बाईंचा फोन आला होता. मीच घेतला. म्हणाल्या, तुमच्या सूनबाईंना द्या. म्हटलं, सून नाही, जावई आहेत, कामावर गेलेत. तर म्हणाल्या, गृहस्थांना फार घाई दिसतेय.”

“घाई खुर्च्यांची होती हो.”

“जावईबापू,” सुरी खाली ठेवत सासूबाई म्हणाल्या, “माझा राग नाही. पण तोंडानं सांगितलं असतंत तर बरं वाटलं असतं.”

बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली आणि आईची सुरी उचलून भाजी चिरू लागली. संसाराच्या एवढ्या वर्षांत डिस्पॅचरावांनी तिची बोलणी पुष्कळ खाल्ली होती, पण हे भाजी चिरणं त्यांना झेपेना.

शनिवारी मायलेकी ती जागा बघायला गेल्या. सासूबाईंनीच हट्ट धरला. जावयांनी एवढा शोध घेतलाय, बघून तरी येऊ, म्हणाल्या. डिस्पॅचराव दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिले. खिडकीजवळच्या खुर्चीत दोनदा बसले आणि दोनदा उठले.

संध्याकाळी सासूबाई परतल्या, त्या हसतमुख.

“व्हरांड्यात कोऱ्या खुर्च्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मागे तुमच्या कारखान्याची चिठ्ठी. तुम्ही खरं बोलत होतात. मीच उगाच मनाला लावून घेतलं.”

डिस्पॅचरावांचा जीव भांड्यात पडला. “मग आता कुठे जायचं नाही. इथेच राहायचं.”

“छे, मी नाव नोंदवून आले. तिथे तिघी जणी पत्ते खेळतात आणि चौथीची वाट बघतायत. इथे मी त्या काचेशीच खेळत होते ना. तुम्हाला कधी म्हटलं नाही, तुम्ही दमून येता.”

डिस्पॅचरावांना पत्ते येत होते. चांगले येत होते. संध्याकाळी ते अगदीच काही दमून येत नसत. पण हे आता सांगून काय उपयोग.

सासूबाई तिकडे राहायला गेल्या. घर मोठं झाल्यासारखं वाटू लागलं आणि त्या मोकळ्या जागेचं करायचं काय, ते कुणालाच कळेना. डिस्पॅचराव दर रविवारी, झोप मोडून, त्यांना भेटायला जाऊ लागले. पहिल्याच रविवारी त्यांनी डावात घ्या म्हणून विनवलं. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं.

अंधारायला लागल्यावर ते निघाले. फाटकावरच्या रात्रपाळीच्या रखवालदारानं त्यांचा हात हलकेच धरला.

“आजोबा, एकट्यानं बाहेर जायचं नाही.”

“अहो, मी इथला नाही. मला घरी जायचंय. बायको वाट बघतेय.”

“हो ना,” रखवालदार समजुतीच्या सुरात म्हणाला. “इथे सगळ्यांचीच वाट बघतंय कुणी ना कुणी. चला, आत बसा, थंडी आहे.”

शेवटी हातातला डाव अर्धवट टाकून सासूबाईंना यावं लागलं. त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि जावयाला सोडवून घेतलं.