मामांचा सिग्नल

समोर थांबलेला माणूस कुणाबद्दल तरी मनापासून चांगलं बोलल्याशिवाय गव्हाळीच्या बाजार चौकातला सिग्नल हिरवा होत नसे. पायी जाणाऱ्यांनाही हाच नियम होता. हे कलम नगरपरिषदेचे अभियंते शरद घोलप यांनी स्वतः हट्टाने घालून घेतलं होतं. यंत्र माणसाला चांगुलपणाची सवय लावेल, असं त्यांनी सभेत सांगितलं आणि त्याबद्दल शाल-श्रीफळही घेतलं. ते स्वतः मात्र मागच्या बोळातून जात.

सुरुवातीला लोक आईबद्दल बोलून सुटायचे. मग सिग्नलने आई, देव आणि आमदार ही नावं बाद केली.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी बोळ गटाराच्या कामासाठी बंद होता. आदेशावर सही शरदरावांचीच होती. मुकाट्याने ते चौकात आले. लग्नाचं कार्यालय समोरच दिसत होतं.

"बोला," सिग्नल म्हणाला.

"पाणीपुरवठ्याचे तांबेसाहेब फार कष्टाळू आहेत."

"नोंद घेतली. मनापासून नाही."

"आमचे मुख्याधिकारी..."

"तेही नाही."

शरदराव घायकुतीला आले. "बरं, मी स्वतः तसा बरा माणूस आहे."

सिग्नलने जरा वेळ घेतला. "हेसुद्धा मनापासून नाही."

मागच्या रिक्षातून गुरुजी ओरडले, "अहो घोलपसाहेब, मुहूर्त टळतोय! काहीतरी गोड बोला!"

इतक्यात बहिणीचा, कुंदाचा फोन आला. "दादा, कुठायस? मामाने आणल्याशिवाय बोहल्यावर जाणार नाही म्हणून तेजू अडून बसलीय. माझ्या लग्नात रुसलास ते रुसलास, आज तरी ये रे!"

कुंदाने चष्म्याच्या दुकानदाराशी लग्न ठरवलं, तेव्हा शरदराव कानपिळीला गेले नव्हते. नवऱ्या मुलाचा कान शेवटी एका चुलतभावाने पिळला होता. तेव्हापासून मेहुण्यांशी त्यांचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं.

त्यांनी खांबाकडे पाहून घसा खाकरला.

"आमचे मेहुणे, मधुकरराव. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी दुपारी शटर अर्धं ओढून घरी येतात. माझी बहीण एकटी जेवायला बसू नये म्हणून. मला हे पहिल्यापासून माहीत आहे. मी माझ्या बायकोसाठी असं एकदाही केलेलं नाही."

सिग्नल हिरवा झाला. शरदराव चौक ओलांडून गेले आणि त्यांच्या पाठीमागे तो पुन्हा लाल झाला.

लोकांना चांगलं ऐकायची सवय लागावी म्हणून सिग्नलचे कर्णे चौकभर लावलेले होते. ही सूचनाही शरदरावांचीच. कार्यालयात शिरले तेव्हा सगळा मांडव त्यांच्याकडे पाहत होता. कुंदा पदराने डोळे टिपत होती. तेजू नटून तयार होती, बोहलंही तयार होतं, फक्त गुरुजी नव्हते.

"शेजारच्या गावचे भटजीसुद्धा विद्वान आहेत," कर्ण्यातून गुरुजींचा आवाज आला.

"मनापासून नाही," सिग्नल म्हणाला.

"म्हणजे वेळ आहे," मधुकरराव म्हणाले. त्यांनी फेटा उतरवून कुंदाच्या हातात दिला, शरदरावांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि मान जराशी वाकवून उजवा कान पुढे केला.

शरदरावांनी तो पिळला. चांगला जोरात पिळला.