शून्य चुकांचा फलक

चूक करणे हा माणसाचा स्वभाव आहे आणि चुकीची नोंद करणे हा स्वभावातला दोष आहे. या तत्त्वावर आमचे रुग्णालय गेली अकरा वर्षे उभे आहे. (त्याआधी ते भाड्याच्या जागेत उभे होते, पण तत्त्व हेच होते.) गुणवत्ता समितीचा सचिव या नात्याने मला हे नमूद करण्यास अभिमान वाटतो की या अकरा वर्षांत आमच्याकडे औषध देण्यात एकही चूक झालेली नाही. पुराव्यादाखल ‘औषधविषयक चुकांची नोंदवही’ पाहावी. वही जाड पुठ्ठ्याची असून तिची दोनशे पाने आणली त्या दिवशी होती तशीच कोरी आहेत. ती कपाटात असते आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

प्रवेशद्वाराशी, चौकशीच्या खिडकीवर, निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘या रुग्णालयात औषधांच्या चुका : ०’. इतर ठिकाणी असले आकडे खडूने लिहितात. आम्ही पेंटरला बोलावले तेव्हा त्याने विचारले, “साहेब, आकडा परत बदलायचाय का?” समितीने बैठक घेऊन ‘नाही’ असे एकमताने कळवले. म्हणून आमचे शून्य ऑइलपेंटमध्ये आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असे जुने लोक म्हणत. त्यांना समिती कशी चालते याचा अनुभव नसावा.

सगळे असे सुरळीत चाललेले असताना मानांकनाची टूम निघाली. तपासायला येणाऱ्या मंडळींजवळ एक यादी असते. तीत सेहेचाळिसावा प्रश्न ‘आग विझवण्याचे नळकांडे आहे का?’ आणि सत्तेचाळिसावा ‘क्लिनिकल फार्मासिस्ट आहे का?’ नळकांडे आम्ही आधीच आणून जिन्याखाली ठेवले होते. ते कोणाच्या अध्यातमध्यात नसते. त्याच भरवशावर आम्ही एक क्लिनिकल फार्मासिस्ट नेमल्या.

आमची समजूत अशी की फार्मासिस्ट म्हणजे तळमजल्यावरच्या काउंटरमागे उभे राहून गोळ्यांची पट्टी कात्रीने कापणारी व्यक्ती, आणि क्लिनिकल म्हणजे तीच व्यक्ती, पण इस्त्रीच्या कोटात. प्रत्यक्षात या बाई पहिल्याच सकाळी वॉर्डात गेल्या आणि फायली वाचू लागल्या. इथेच सगळे बिनसले. फाइल ही लिहिण्याची वस्तू आहे. तीत डॉक्टर लिहितात, सिस्टर लिहितात, आहारवाल्या मॅडम लिहितात. वाचत कोणी नाही, आणि म्हणूनच आमच्याकडे सर्वांचे सर्वांशी संबंध चांगले आहेत. बाई मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि मग विचारायच्या : या गोळीबरोबर ती गोळी चालते का, रुग्णाचे वजन कोणी केले आहे का, किडनीचा रिपोर्ट कुठे आहे. चार दिवसांत त्यांचे नाव ‘शंकाबाई’ पडले. बसायला त्यांना धुतलेल्या चादरींच्या खोलीत एक स्टूल देण्यात आले.

पहिल्या महिन्याअखेर शंकाबाईंनी माझ्याकडून किल्ली मागितली. मी ती दिली नाही. मग त्यांनी एक तक्ता आणून टेबलावर ठेवला. एकच औषध दोन नावांनी दोनदा : १९. वजन न पाहता दिलेला डोस : २२. अक्षर न लागल्याने अंदाजाने दिलेले औषध : ११. बंद करूनही चालूच राहिलेले : ७. फाइलवर ‘ॲलर्जी आहे’ असे लाल शाईत लिहिलेले असताना दिलेले : ४. एकूण त्रेसष्ट. (शेवटच्या चौघांपैकी तिघांना काहीही झाले नाही, ही जमेची बाजू तक्त्यात कुठेही नव्हती.)

समितीने या आकड्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. अकरा वर्षांत शून्य, आणि एका महिन्यात त्रेसष्ट. या दोहोंमध्ये रुग्णालयात बदल काय झाला? इमारत तीच, डॉक्टर तेच, औषधे तीच. नवीन फक्त बाई. आमचे मोठे डॉक्टर, ज्यांच्या राउंडला लिफ्ट अडवून ठेवतात, त्यांनी सगळ्यांच्या मनातले बोलून दाखवले. “आधी कुठे होत्या हो या चुका? हिच्याबरोबरच आल्या ना?” समितीने तोच निष्कर्ष एकमताने मानला.

सत्तेचाळिसावा प्रश्न डोक्यावर असल्याने बाईंना काढता येत नव्हते. मग एक परिपत्रक काढून त्यांचे काम सुसंस्कृत करण्यात आले. यापुढे ‘चूक’ हा शब्द वापरू नये, ‘नम्र शंका’ म्हणावे. नम्र शंका हिरव्या चिठ्ठीवर लिहावी. ती प्रश्नाच्या रूपात असावी आणि ‘आपणांस असे तर वाटत नाही ना की’ या शब्दांनी सुरू व्हावी. मोठ्या डॉक्टरांना नातेवाइकांसमोर, सिस्टरांसमोर, चहाआधी, चहा चालू असताना आणि राउंड संपल्यावर शंका विचारू नये. चिठ्ठीवर त्यांची सही झाल्यास तिचा अर्थ ‘पाहिले’ असा घ्यावा. ‘वाचले’ असा घेऊ नये. परिपत्रकाचा गुण लगेच आला. दुसऱ्या महिन्यात त्रेसष्टाच्या जागी फक्त नऊ नम्र शंका उरल्या. एका परिपत्रकाने रुग्णसुरक्षेत एवढी सुधारणा झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्या नऊ शंकांपैकी एक तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा नंबरच्या खाटेची होती. खाट खिडकीजवळची. तिच्यावर एक घड्याळ दुरुस्त करणारे काका होते, वय अडुसष्ट. लघवीच्या जागी जंतू झालेले, ताप हटत नव्हता, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी एक जालीम इंजेक्शन रोज एक असे लिहून दिले. इंजेक्शन उत्तम आहे. त्याची खोड एवढीच की ज्याची किडनी थकलेली असते त्याच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही, साठत जाते, आणि साठले की कानाच्या नसा खाते. काकांची किडनी थकलेली होती. तसा रिपोर्ट फाइलमध्येच होता, आहाराच्या कागदामागे टाचलेला.

शंकाबाईंना तो दुसऱ्या दिवशी सापडला. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहिली : इंजेक्शन रोज देऊ नये, अंतर वाढवावे, रक्त तपासावे. चिठ्ठी प्रश्नाच्या रूपात नसल्याने परत आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचा प्रश्न केला; ती मोठ्या डॉक्टरांच्या नावापुढे पदव्या नसल्याने परत आली. चौथ्या दिवशी ती पदव्यांसह गेली, तिच्यावर सही झाली आणि ती फाइलमध्ये लागली, आहाराच्या कागदामागे. कागदोपत्री पाहता या प्रकरणात कुठेही दिरंगाई दिसणार नाही. तिन्ही दिवस इंजेक्शन मात्र ठरल्या वेळेला, मिनिटाचाही उशीर न होता देण्यात आले.

पाचव्या दिवशी काकांनी उशाचे मनगटी घड्याळ कानाला लावले आणि बायकोला म्हणाले, “हे बंद पडलंय बघ.”

“अहो, चालू आहे ते. टिकटिक ऐकू येतेय मला इथपर्यंत.”

“काहीतरीच काय! चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय मी. चालू आणि बंद मला कळत नाही होय?”

काकूंनी ते सिस्टरांना दाखवले. सिस्टर म्हणाल्या चालू आहे. काकांनी ते उघडायला मागितले. वॉर्डात हत्यारे आणायला मनाई आहे. सहाव्या दिवशी ही बाब ‘रुग्णाची खासगी वस्तू नादुरुस्त झाल्याची तक्रार’ म्हणून माझ्याकडे आली. मी स्वतः वर गेलो. घड्याळ माझ्या कानाला लावले, माझ्या घड्याळाशी ताडून पाहिले, एका सेकंदाचाही फरक नव्हता. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना निकाल सांगितला तर म्हणाले, “जरा मोठ्याने बोला साहेब, इथे सगळेच कुजबुजतात.” मी नोंद केली : ‘घड्याळ चालू आहे. तक्रार निराधार.’ नोंद आजही मला अचूक वाटते.

सातव्या दिवशी सकाळी शंकाबाई वॉर्डात आल्या आणि काकूंनी त्यांना घड्याळाची गोष्ट हसत हसत सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्या तशाच धावत निघाल्या आणि मोठ्या डॉक्टरांना त्यांनी मधल्या बोळात, चहाआधी, सिस्टर आणि दहाबारा नातेवाईक उभे असताना अडवले. म्हणाल्या, “चौदा नंबरचं इंजेक्शन आत्ता थांबवा. काका बहिरे होतायत.” वाक्यात कुठेही प्रश्नचिन्ह नव्हते. (एका दमात परिपत्रकाच्या पाच कलमांचा भंग, हा आमच्याकडचा उच्चांक आहे.)

मोठे डॉक्टर म्हणाले, “एवढं होतं तर आधी सांगायला काय झालं होतं?”

बाईंनी फाइल उघडली, आहाराचा कागद वर केला आणि त्यांना त्यांचीच सही दाखवली. मला त्या क्षणी त्या बाईंचा मनापासून संताप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती चारचौघांत उघडण्यात कसला आलाय पुरुषार्थ? इंजेक्शन बंद झाले. काकांचा उजवा कान गेला तो गेला. डाव्याने कोणी ओरडून बोलले तर समजते. ताप पूर्ण उतरला होता, त्यामुळे फाइलवर ‘रुग्ण बरा होऊन घरी गेला’ असे लिहिण्यात कोणतीही अडचण आली नाही.

चौकशी समिती नेमण्यात आली. (तिचा सचिव मीच.) तिने तीन गोष्टी निश्चित केल्या. पहिली, कान काही आज ना उद्या जायचेच होते. दुसरी, इंजेक्शन डॉक्टरांनी लिहिले तसेच, लिहिले तेवढेच आणि लिहिले तेव्हाच दिले गेले, म्हणजे चूक झालेली नाही. तिसरी, चूक झालेली नसताना ती दाखवून देणे हे शिस्तभंगात मोडते. शंकाबाईंची बदली तळमजल्यावर औषधांच्या काउंटरवर झाली. कोट तोच राहिला, म्हणून पुढच्या आठवड्यात तपासणीची मंडळी आली तेव्हा सत्तेचाळिसाव्या प्रश्नापुढे त्यांनी आनंदाने खूण केली. बदलीनंतरच्या महिन्यातल्या नम्र शंका : ०. फलकाला हातही लावावा लागला नाही.

काकांचे दुकान चालू आहे म्हणतात. गिऱ्हाइकाचे घड्याळ आता काकू कानाला लावतात आणि मानेने हो किंवा नाही सांगतात. मग काका ते उघडतात. मलाही त्या प्रकरणापासून रोज सकाळी स्वतःचे घड्याळ कानाला लावून बघायची सवय लागली आहे. चालू असते.

एवढे वाचून, वाचकहो, तुम्ही हळहळला असाल आणि आमच्या नावाने बोटे मोडली असतील. अवश्य मोडा. पण आमच्यासमोर, रस्त्यापलीकडे, दुसरे रुग्णालय आहे. तिथे खडूने लिहिलेली पाटी असते : ‘या महिन्यात सापडलेल्या चुका : ४१. वेळीच सुधारलेल्या : ३९’. मागच्या मंगळवारी तुम्ही आईला घेऊन दोन्ही फाटकांच्या मधोमध उभे होतात. त्यांची पाटी वाचून तुम्ही म्हणालात, “बापरे, एक्केचाळीस!” आणि आमच्याकडे वळलात. आमचा फलक पाहून तुमचा चेहरा कसा निवळला, ते मी खिडकीतून पाहिले आहे.

मग तुम्ही चिठ्ठी घेऊन काउंटरवर आलात. कोटातल्या बाईंनी ती वाचली आणि विचारले, “हे इंजेक्शन लिहिलंय, पण आईंची किडनी तपासलीय का?” तुम्ही म्हणालात, “ओ बाई, तुम्ही डॉक्टर आहात का? द्या लवकर, गाडी भलत्याच ठिकाणी लावून आलोय.” वर जाताना तुम्ही तक्रारपेटीत तक्रारही टाकलीत : ‘काउंटरवरील महिला औषध देण्याऐवजी नसत्या शंका काढते.’

आपल्या तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली आहे. काउंटरच्या काचेतले बोलायचे भोक बुजवले असून चिठ्ठी सरकवण्यापुरती फट ठेवली आहे. आपल्या मातोश्रींना तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची चौदा नंबरची खाट मिळाली आहे. त्यांचे इंजेक्शन रोज वेळेवर दिले जाते आणि त्यांच्या फाइलमध्ये आजवर एकही चूक आढळलेली नाही. आज सकाळी त्या सिस्टरांना विचारत होत्या, हा खडखडणारा पंखा कधी दुरुस्त केलात, आता कसा शांत झालाय. मी स्वतः वर जाऊन आलो. पंखा खडखडतोच आहे.