अर्जुनरावांचा गुलाल

खुणेचा जांभळा फवारा चार-दोन डुकरांतच संपला. राजकन्येने डबी दोनदा हलवून पाहिली आणि मग नुसते नवऱ्याकडे पाहिले. अंगदने मान खाली घातली. नवा फवारा आणायचे काम त्याच्याकडे होते.

"आता खूण कशानं करायची?" तिने विचारले.

मुदखेडजवळच्या त्यांच्या वराहपालनात आज लसीकरण होते. दोन गावे पलीकडे डुकरांचा ताप शिरला होता आणि एका माणसाचे अख्खे शेड रिकामे झाले होते. तेव्हापासून राजकन्येला धड जेवण जात नव्हते. बी.एस्सी. झालेल्या या सुनेने फाटकात चुन्याच्या पाण्याचे पसरट टोपले ठेवले होते आणि त्यात पाय बुडवल्याशिवाय ती सख्ख्या सासऱ्यालाही आत घेत नसे.

"वहिनी, जल्दी काहीतरी करा," सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून आलेले डॉक्टर संगमेश्वर म्हणाले. ते मूळचे उदगीरचे, बोलायला मऊ, पण लसीच्या बाबतीत कडक. "लस पातळ केली हाय. बर्फात ठेवली तरी तासा-दोन तासांत संपवावी लागती. अन् डोस मोजून आणलेत. एकाला दोनदा टोचलं तर दुसरं कोरडंच ऱ्हाईल."

ते कोरडे राहिलेले एकच उद्या सगळे शेड आजारी पाडेल, हे राजकन्येला कुणी सांगायची गरज नव्हती. कानात बिल्ला होता तो फक्त थोरल्या मादीच्या. तिला घरात महाराणी म्हणत. बाकी सगळी पांढरी विलायती डुकरे एकासारखी एक.

"गुलाल चालंल का?" सासूबाईंनी, नागाबाईंनी, विचारले.

अंगदच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आई! दादांचा गुलाल?"

दादा म्हणजे अंगदचे वडील, अर्जुनराव. गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ते उभे होते आणि निकालाच्या आदल्या दिवशीच त्यांनी पोतेभर गुलाल आणून ठेवला होता. निकाल विरोधात उभ्या असलेल्या भागवतच्या बाजूने लागला आणि तो सरपंच झाला. त्या संध्याकाळी अर्जुनरावांनी पारावर जाहीर केले, की निवडून आल्याशिवाय अंगाला गुलाल लागू देणार नाही. त्यानंतर ते गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा लांबून, फुटपट्टीने मोजल्यासारखे अंतर ठेवून चालत. पोते माळ्यावर पडून होते.

"उंदरं कुरतडून ऱ्हाइलेत त्याला," नागाबाई म्हणाल्या. "अन् ते गेलेत तहसीलला. इतक्यात येत न्हाईत."

गुलालाने काम झकास चालले. अंगद फळी आडवी लावून डुकराला कोपऱ्यात दाबे, संगमेश्वर कानामागे सुई टोचत, राजकन्या पाठीवर मूठभर गुलाल टाके आणि नागाबाई मधले दार उघडून त्याला पलीकडच्या कप्प्यात सोडत. अर्धा कळप गुलाबी होऊन पलीकडे गेला, तेव्हा एखाद्या मिरवणुकीची मंडळी जमत असल्यासारखे दिसू लागले.

आणि तेवढ्यात फाटकात अर्जुनराव उभे राहिले. तहसीलमधले साहेब रजेवर होते.

"हा गुलाल कुणाचा?"

"तुमचाच की," नागाबाई म्हणाल्या.

"माझा गुलाल डुकराला?"

"मामा, पाय!" राजकन्या ओरडली. "चुन्यात पाय!"

अर्जुनराव संतापले होते, तरी त्यांनी चपलांसकट दोन्ही पाय नीट चुन्यात बुडवले आणि मग धावत जाऊन पोत्याला हात घातला.

"सोडा की! तुमच्या कामाला येणार हाय का ते?" नागाबाईंनी पोत्याचे दुसरे टोक धरले.

"पुढच्या खेपेला येईल!"

"तंवर आपण ऱ्हातो का?"

दोघांच्या ओढाताणीत उंदरांनी कुरतडलेले पोते मधोमध फाटले. धप्प आवाज झाला आणि शेडमध्ये काही दिसेनासे झाले. मागे सरकताना नागाबाईंची पाठ मधल्या दाराला लागली, दार उघडले आणि दोन्ही कप्प्यांतली डुकरे किंचाळत एकमेकांत घुसली.

धुरळा बसला तेव्हा सगळे गुलाबी होते. डुकरे, डॉक्टर, पत्र्यावरची चिमणी. अर्जुनरावांची टोपी, मिशी आणि इस्त्रीचे धोतरही.

"लागला," ते बारीक आवाजात म्हणाले. "निवडून न येताच लागला."

राजकन्येच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि त्याला फक्त गुलाल कारण नव्हता. "मामा, अर्धीच झाली होती. आता टोचलेलं कोणतं अन् राहिलेलं कोणतं?"

अर्जुनराव पेंडीच्या पोत्यावर बसले. "पोरी, मतदानाला शाई लावत्यात. गुलाल कुणी लावतं का?" मग डोक्यात काही चमकल्यासारखे म्हणाले, "निकालानंतर मी गावातून फिरलो होतो. मत कुणी दिलं न्हाई, ते विचारावं लागलं न्हाई. मला बघून ज्यानं गल्ली बदलली, तो. डॉक्टर, जरा सुई दाखवत मधून चाला बरं."

संगमेश्वर चालले. त्यांना बघताच महाराणी किंचाळून पार मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. सगळ्यांत आधी तिलाच टोचले होते. तिच्यामागे निम्मा कळप पळाला. उरलेली डुकरे मात्र शेपट्या हलवत आली आणि लसीचा डबा हुंगू लागली.

"सुई काय असती ते ह्यांना अजून ठाऊकच न्हाई," अंगद म्हणाला.

"महाराणीवरून धरलेला अंदाज आहे हा," राजकन्या म्हणाली. "डोस बरोबर पुरले, तर खरा."

मधले दार आता अर्जुनरावांनी स्वतः धरले. "चला, रांगेत! ढकलाढकली करू नका! टोचून झालं त्यांनी थांबायचं न्हाई!" निवडणुकीनंतर त्यांचा आवाज इतका मोकळा कुणी ऐकला नव्हता.

हुंगणारे शेवटचे डुक्कर आले आणि सुईत शेवटचा डोस भरला गेला. बाटली कोरडी, पुढ्यात कुणी नाही. राजकन्येने बाटली उजेडात धरून पाहिली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. "मामा, जुळलं!"

फाटकापाशी मोटारसायकल थांबली. भागवत सरपंच नवे बूट घालून आत पाय टाकणार, तोच अर्जुनराव गरजले, "चुन्यात पाय!"

भागवतने निमूट बूट बुडवले. मग त्याची नजर अर्जुनरावांच्या टोपीपासून धोतरापर्यंत फिरली. "अर्जुनमामा, हा गुलाल कशाचा? म्या तर अजून राजीनामा दिला न्हाई!"

नागाबाईंनी पदर तोंडाला लावला. अर्जुनरावांनी मिशीवरचा गुलाल झटकायला हात उचलला आणि तसाच खाली आणला.

"निवडून आलो," ते म्हणाले.

"कुठं?"

"हितं."

"अन् किती मतानं?"

अर्जुनरावांनी मागे वळून पाहिले. भिंतीपासून भिंतीपर्यंत गुलालात न्हालेली जनता त्यांच्याकडे बघत शांतपणे पेंड खात होती.

"बिनविरोध."