शाल घरी आली पाहिजे

"या बारीला शाल घरी आली पायजे," अनसूयाबाईंनी चहाची कपबशी नवऱ्यापुढे ठेवली, म्हणजे खरं तर आदळली. "मी काई ऐकून घ्यायची न्हाई."

बन्सीधररावांनी कपाला हात लावला नाही. पौषातली थंडी पडली की परभणीत माणसं चहा पिण्याआधी कपावर हात शेकून घेतात, पण आज त्यांना तेही सुचलं नाही. चाळीस वर्षं गावोगावच्या मांडवांत लोकांना पोट धरून हसवणाऱ्या या जुन्याजाणत्या विनोदवीराला घरात मात्र एक वाक्य धड सुचत नसे.

बन्सीधररावांचं जिल्ह्यात दोन गोष्टींसाठी नाव होतं. एक त्यांचा एकपात्री विनोदी कार्यक्रम, आणि दुसरी त्यांना मिळणारी शाल. सत्कार झाला की ते माइकसमोर येत, क्षणभर डोळे मिटत आणि अंगावरची शाल काढून सभेतल्या एखाद्या साध्या माणसाच्या खांद्यावर घालत. कधी मांडववाला, कधी झाडलोट करणारी बाई, कधी एसटीचा कंडक्टर. "दुसऱ्याला मोठं करतो तो मोठा," एवढंच बोलत, की टाळ्यांचा कडकडाट. पेपरात फोटो येई. पुढे पुढे लोक त्यांचे विनोद विसरायला लागले, पण शाल कुणी विसरेना. शेवटी त्यांना हसवायला कमी आणि नेतृत्वावर बोलायला जास्त आमंत्रणं येऊ लागली.

अनसूयाबाईंची आजवर याला हरकत नव्हती. सत्काराच्या शाली कशा असतात ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तोंडावर घेतली तरी समोरचा माणूस ओळखू येतो. पण सोनपेठच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष किशनराव यांचा फोन आला तेव्हा नेमका स्पीकर चालू होता. "नेतृत्व शिबिर हाय, पाव्हने म्हून तुमीच पायजेत. आन शाल म्हन्ताल तर आमचा मेहुना फौजेत हाय, त्यानं श्रीनगरहून आनलीय. असली लोकर हाय राव, नुसती मांडीवर ठेवली तरी घाम फुटतो!" हे ऐकून अनसूयाबाई पिठाच्या हातानंच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या.

"अगं, पर लोक वाट बघत असतेत," बन्सीधरराव आता अजिजीला आले. "न्हाई दिली तर म्हन्तील, चांगली शाल दिसली आन म्हातारा बदलला. इज्जतीचा सवाल हाय."

"मग द्या की. आन बायको पहाटं गार पान्यात भांडे घासती, ते बी माइकवर सांगा. मी येते संगं. बघतेच शाल कुठं जाती ते."

अशा रीतीनं अनसूयाबाई आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या कार्यक्रमाला निघाल्या. एसटीत त्या पुढं बायकांजवळ बसल्या आणि बन्सीधरराव मागं, बालाजीजवळ. बालाजी त्यांचा माइकवाला. स्पीकरची खोकी घेऊन तो वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत हिंडत होता. बन्सीधरराव इकडून तिकडं सरकत होते, खिडकी उघडत होते, थंडी वाजली की लावत होते. शेवटी शेजारचा माणूस वैतागून उठून गेला, तेव्हा त्यांना जागाही मिळाली आणि युक्तीही.

"बाल्या, आज शाल तुझ्या खांद्यावर टाकतो."

बालाजी बघतच राहिला. "माज्या? काका, खरंच?"

"खरंच, पर घरी जाईपातूर. तू हात जोडायचे, डोळे पुसायचे आन खाली बसायचं. येताना एसटीत शाल गुपचूप काकूच्या पिशवीत. लोकायला शाल दिल्याली दिसंल, आन शाल घरातच ऱ्हाईल."

"आन मी काई बोलायचं न्हाई?"

"तू नुसतं रडायचं."

बालाजी थोडा हिरमुसला, पण हो म्हणाला. बन्सीधररावांचा जीव भांड्यात पडला आणि सोनपेठ येईपर्यंत त्यांनी खिडकीला हात लावला नाही.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. शिबिराला आलेली तरुण मंडळी, शिक्षक, बचत गटाच्या बायका. आणि व्यासपीठावर मधल्या खुर्चीत अण्णासाहेब. अण्णासाहेबांनी राजकारणात आल्यापासून हातात आलेली एकही गोष्ट सोडली नाही असा त्यांचा लौकिक होता. अनसूयाबाई कुणाला ओळख न सांगता अगदी मागं, दाराजवळ बसल्या. तिथून व्यासपीठ सरळ दिसत होतं. सत्कार झाला. शाल खांद्यावर पडताच बन्सीधररावांना कळलं की किशनराव खोटं बोलले नव्हते. ऊब थेट हाडापर्यंत गेली. ही शाल एसटीतून घरी जाणार या विचारानं ते खुलले आणि नेहमीपेक्षा जास्त बोलले.

"पोरायहो, विनोद सांगनाराचं काम काय असतंय? ऐकनाराला वाटलं पायजे की आपुन हुशार हौत. हसतो तो, म्हून विनोद मोठा होतो. लीडरचं बी तेच हाय. आपुन मागं सरकायचं आन दुसऱ्याला उजेडात ठिवायचं."

टाळ्या पडल्या. इथं थांबायला हवं होतं. पण टाळी ही चीज अशी आहे, की माणसाला नको तिथं पुढं ढकलते. बन्सीधररावांनी शाल काढून बालाजीच्या खांद्यावर घातली आणि भरात येऊन म्हणाले, "आन ध्यानात ठिवा! शाल घिऊन घरी जातो तो नुसता पाव्हना. शाल दुसऱ्याला दिऊन जातो तो लीडर!"

कार्यालय दणाणलं. बालाजीनं ठरल्याप्रमाणे हात जोडले, ठरल्याप्रमाणे डोळे पुसले. मग मात्र तो ठरल्याप्रमाणे खाली बसला नाही. त्यानं माइक ओढला.

"हा माइक म्या रोज तपासला," बालाजीनं सवयीनं माइकवर टिचकी मारली. "हॅलो, हॅलो, याच्या म्होरं कदी काई बोललो न्हाई. आज काकानं मला मानूस केलं. मग म्या नुसता पाव्हना कामून व्हावं?"

"बाल्या, खाली बस," बन्सीधरराव दातांतल्या दातांत म्हणाले.

"काका म्हन्तेत खाली बस. बघा, केवढं मोठं मन! पर न्हाई काका. ही शाल म्या सत्यशीलाताईला देतो, माइक लावताना वळख झाली त्यायची. अंगनवाडीत येवढे लेकरं सांभाळत्यात, पर त्यायला कुनी स्टेजवर बोलवलं न्हाई."

बालाजीला आयुष्यातली पहिली टाळी मिळाली आणि तो रडत, हसत खाली उतरला. बन्सीधररावांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मागं दाराजवळ अनसूयाबाई पदर डोक्यावरून ओढून एकटक शालीकडे बघत होत्या.

सत्यशीलाताई बोलायला धीट होत्या. लेकरांच्या खिचडीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मलाबी निसती पाव्हनी व्हायचं न्हाई." शाल बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेली. त्यांनी ती जुन्या मुख्याध्यापकांना दिली. मुख्याध्यापकांनी भलं मोठं भाषण करून आपल्या विद्यार्थ्याला दिली. आता सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. ज्याच्या खांद्यावर शाल पडेल त्यानं ती ठेवली, तर साऱ्या तालुक्यात तो हावरट ठरणार. त्यामुळे शाल अंगावर पडली की माणूस विंचू पडल्यासारखा उठून दुसरा खांदा शोधू लागला.

बन्सीधररावांना राहवेना. त्यांनी माइक हिसकावून घेतला. "मंडळी, माजं ऐका. दिलेला मान ठिवून घ्यायला बी मोठं मन लागतंय. आता ज्याच्याकडं शाल हाय त्यानं ती ठिवावी."

कार्यालयात हशा पिकला.

"अवो, म्या खरंच सांगायलोय!"

हशा दुप्पट झाला. एक म्हातारा तर गुडघ्यावर थापा मारू लागला. चाळीस वर्षं लोकांना हसवल्याचं हे फळ होतं. त्यांचं खरं बोलणं कुणाला खरं वाटेना. ते घामाघूम होऊन खाली बसले, आणि शाल अंगावर नसताना घाम फुटलेले ते पहिलेच सत्कारमूर्ती असावेत.

एवढ्यात शाल अण्णासाहेबांकडे आली आणि बन्सीधररावांना आशा वाटली. हा माणूस सोडणार नाही. आणि ठेवली, तर किशनरावांना सांगून ती उद्या-परवा परत आणायचं काहीतरी जुळवता येईल. अण्णासाहेबांनी शालीवरून हात फिरवला. लोकर बोटांना लागली तसे त्यांचे डोळे मऊ झाले. सभा श्वास रोखून बघत होती. पण निवडणूक जवळ आली होती. त्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि शाल किशनरावांच्या खांद्यावर घातली.

"मायला!" किशनराव माइकवरच बोलून गेले. मंडळाची शाल मंडळाच्याच अध्यक्षाकडे आली, म्हणजे उद्या गावभर बोभाटा. स्वयंपाकघरात जेवण गार होत होतं आणि परभणीची एसटी आता निघायच्या बेतात होती. किशनराव भांबावून चहूकडे बघू लागले. दाराजवळ, वाऱ्याच्या झोतात एक बाई पदर आवळून कुडकुडत बसलेली त्यांना दिसली. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"त्या मागच्या माउलीला!" ते ओरडले आणि स्वतः धावत जाऊन शाल घालून, अनसूयाबाईंना हाताला धरून व्यासपीठावर घेऊन आले.

बन्सीधररावांना वाटलं, देव आहे. दुसऱ्याच क्षणी त्यांना वाटलं, मेलो. हिनं शाल दिली तर घरी खैर नाही. ठेवली आणि नातं कळलं, तर सगळं आधीच ठरलेलं होतं असं लोक म्हणणार. ते खुर्चीत अर्धे उठले, अर्धे बसले.

अनसूयाबाईंनी माइक बघितला, लोक बघितले आणि शाल दोन्ही हातांनी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.

"मी ही शाल कुनालाच देनार न्हाई."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"मला थंडी वाजायलीय."

पहिल्यांदा बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं कार्यालय हसत सुटलं. अनसूयाबाई थांबल्या. नेमक्या हव्या तेवढ्या थांबल्या. बन्सीधररावांनी मान वर केली. अशी थांबायची जागा शिकायला त्यांना दहा वर्षं लागली होती.

"मी यांची बायको," त्या म्हणाल्या. "हे जगाला वर आनतेत. मला येवढ्या वर्षात आज पहिल्यांदा संगं आनलं, ते बी मीच आले म्हून. यांच्या शाली जिल्हाभर फिरल्या आन मी वट्ट्यावर गोधडी घिऊन भांडे घासले. तुमी आजवर यांच्या ज्या बोलन्यावर हसलात ना, 'आमच्या घरी मिठाला बी नवऱ्यापेक्षा जास्त किंमत हाय,' ते माजं वाक्य हाय. मी भांडताना बोलले, यांनी स्टेजवर नेलं. टाळ्या यांनी ठिवून घेतल्या. तेवढ्या मात्र कदी कुनाला वाटल्या न्हाईत!"

लोक खुर्च्यांवरून खाली घसरायचे बाकी राहिले. सत्यशीलाताई डोळे पुसत होत्या. आणि बन्सीधररावांना आत कुठंतरी कळ आली, कारण त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. भांडणात बायको बोलायची तेव्हा ते गप्प का बसत, हे त्यांचं त्यांनाच आज कळलं. ते ऐकत नव्हते, पाठ करत होते.

"काका," बालाजी त्यांच्या कानाशी आला. "जरा खाली उतरता का? तुमच्यामुळं मागच्या लोकायला काकू दिसनात."

बन्सीधरराव उतरले. पुढं जागा नव्हती म्हणून चालत चालत पार दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत गेले. तिथं वारा असा लागत होता, की बसल्याबरोबर त्यांचे दात वाजले. व्यासपीठावर अनसूयाबाई आता, कार्यक्रमाहून परतलेला नवरा रात्री हळूच कसा विचारतो, "लोक लय हसले, तुला सांगू का?" ते साभिनय करून दाखवत होत्या. नक्कल इतकी हुबेहूब होती की बन्सीधरराव सगळ्यांच्या आधी हसले.

स्वयंपाकघरातून आचारी हात पुसत बाहेर आला. पुऱ्या कधी तळायच्या ते विचारायला आला होता, पण तोही उभ्या उभ्या हसू लागला. मग त्यानं बन्सीधररावांना कोपरानं ढोसलं.

"लय भारी बोलतेत बाई. कोन हायेत?"

"आमची मंडळी हाय."

"असं व्हय!" आचाऱ्यानं आदरानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "आन तुमी काय करता?"

बन्सीधररावांनी दोन्ही हात काखेत घातले आणि थोडा विचार केला.

"मी? मी शाली वाटायचो."