सांडव्यावरची कासवीण

एका जंगलात, मुलांनो, एक तलाव होता आणि मीही होतो. मी म्हणजे वानर. तेव्हा मी राजाचा भाट होतो. दिसेल त्याची स्तुती करायचो.

तलावाच्या बांधात सांडव्याची एक अरुंद वाट होती. तिथे भागूआत्या नावाची कासवीण बसायची. पाणी गळ्याशी आलं की ती बाजूला व्हायची, जादा पाणी वाहून जायचं. पाणी पोटाखाली उतरलं की पुन्हा वाट अडवून बसायची. त्यामुळे तलाव भरलेला राही आणि काठावरच्या सशांची बिळं कोरडी.

एकदा वनराज आले.

"आत्या, पाणी वाढतंय आणि तुम्ही ते सोडून देता?"

"वाढलं की सोडायचं, घटलं की अडवायचं."

"म्हणजे नेहमी उलटच?"

"उलटच, महाराज."

"ही नकारात्मक वृत्ती आहे," मी म्हणालो. हा शब्द मला नुकताच सापडला होता आणि कुठेतरी वापरायचा होता.

आत्याला घरी पाठवलं. सांडवा माझ्याकडे आला. माझं धोरण सकारात्मक होतं: पाणी जे करील त्याला प्रोत्साहन. पाऊस लागला, पाणी वाढलं. मी सांडव्यात दगड रचले. आणखी वाढलं, आणखी रचले. वर एक कवनही केलं.

तिसऱ्या दिवशी शेवंता नावाची सशीण आली.

"दादा, बिळात पाणी शिरलंय. थोडं सोडा."

"वहिनी, प्रगतीला नावं ठेवू नका."

दुपारी दगड कोसळले. सोबत बांधाचा एक तुकडाही गेला. पाणी घटू लागलं. धोरणाप्रमाणे मी उरलेले दगडही काढून दिले.

संध्याकाळी तळाशी मासे तडफडत होते. शेवंता चिखलात आपली दोन पिल्लं शोधत होती. मी फांदीवर बसून होतो. स्तुती करण्यासारखं काही दिसेना.

शेवटी मीच आत्याला बोलवायला गेलो. ती रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ती शेवंतासोबत चिखल तुडवत फिरली. पिल्लं एका मुळाला धरून बसलेली सापडली. मग मला म्हणाली, "दगड उचला." मी आठ दिवस बांध रचला. आत्या पुन्हा सांडव्यात बसली आणि पुढच्या पावसात तलाव भरला.

राजांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी.

"आत्या, चूक कोणाची?"

"तुमची. आणि राजांची."

मी अहवालात पाण्याला दोषी ठरवलं. राजे प्रसन्न झाले. मला बढती मिळाली.

तात्पर्य: चूक वेळीच दाखवणाऱ्यामुळे तलाव टिकतो आणि न दाखवणाऱ्याचं पद टिकतं. मुलांनो, माझ्याकडे पद आहे. पाणी प्यायला मी आत्याकडे जातो.