इंजिनात पाणी आलं कुठून

रेडिएटर दुरुस्त होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ग्रंथपालांची गाडी भर चौकात बंद पडली. ढकलत ढकलत ती गॅरेजात नेली, तेव्हा ग्रंथपालांचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. मेकॅनिकने ऑइल काढून पाहिलं. ते दुधाळ चहासारखं झालं होतं. ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं आणि इंजिन जाम झालं होतं.

ग्रंथपालांनी लगेच दोष मेकॅनिकच्या माथी मारला. रेडिएटर काढताना पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गास्केट दुखावलं असणार, असं त्यांचं म्हणणं. मेकॅनिक म्हणाला, गास्केटला मी हातच लावलेला नाही. शब्दाने शब्द वाढला. ग्रंथपालांनी दोन दिवसांत वाचनालयातली इंजिनांवरची तिन्ही पुस्तकं पालथी घातली आणि पानोपानी खुणा घालून ती गॅरेजात आणून आपटली. मेकॅनिकने निमूटपणे इंजिन उघडलं. गास्केट धडधाकट होतं.

"तुमचं तुम्हीच तपासणार, मग धडधाकटच असणार," ग्रंथपाल म्हणाले.

शेवटी तंत्रशाळेतले एक निवृत्त मास्तर दोघांनाही पंच म्हणून चालले. गाडीला घरी कुणी बोटसुद्धा लावलं नाही, हे सांगायला ग्रंथपालांनी सासऱ्यांना साक्षीला नेलं. सासरे त्यांच्याकडेच राहत आणि रोज सकाळी गाडीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत.

मास्तरांनी तासभर एकेक भाग निरखला. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. त्यातलं पाणी कुठेच गेलं नव्हतं.

"पाणी वरून घातलेलं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे इथेच कुणीतरी घातलं," ग्रंथपाल ताडकन म्हणाले. "बाबा, तुम्ही सांगा. घरी गाडीची काळजी कशी घेतली?"

सासरे खुर्चीतून उठले. "काळजीत कसूर नाही. मेकॅनिकने पाण्याकडे लक्ष ठेवायला सांगितलंय, असं तुम्हीच म्हणालात ना? मी रोज बाटलीभर घालत होतो."

मेकॅनिकने अगदी मऊ आवाजात विचारलं, "कुठे घालत होतात, काका?"

सासऱ्यांनी पुढे होऊन इंजिनावरच्या ऑइलच्या झाकणावर ठामपणे बोट ठेवलं.

पुस्तकं काखेत मारून ग्रंथपाल परतीच्या बसमध्ये बसले. चार दिवस ते मेकॅनिकवर, बायकोवर आणि वाचनालयातल्या शिपायावरही खेकसत होते. आता खरा दोषी शेजारीच बसला होता आणि तो नेमका सासरा निघाला होता.

सासऱ्यांनीच त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

"जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. मेकॅनिकची चूक आहेच. झाकणावर काही लिहायला नको? नवीन इंजिन बसलं की मी जातीने लक्ष घालतो."

"हो, बाबा," ग्रंथपाल म्हणाले.